जुन्या गाडीचा एक्झॉस्ट बदलण्याआधी ती कुठे गुदमरतेय ते शोधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाडी वीस वर्षांची, इंजिन १.६ लिटरचं, चार सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं, टर्बो नाही. अलीकडे आवाज घोगरा झालाय आणि पिकअप पूर्वीसारखा राहिलेला नाही. ओळखीतल्या कुणीतरी सुचवलंय की पुढून मागपर्यंत एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर नेणारा, २.५ इंची पाइप टाका, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) काढून टाका आणि हेडर (इंजिनमधून धूर बाहेर काढणाऱ्या सुट्या नळ्यांचा संच) बसवा, मग गाडी पळेल. पैसे मोजकेच आहेत, असलं काम आधी कधी केलेलं नाही, तेव्हा सुरुवात कुठून करावी?

पंचवीसएक वर्षं मी गाड्यांच्या पोटाखाली काम करतोय आणि त्यातलं बरंचसं काम सायलेन्सरचंच आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन निरनिराळ्या गोष्टी एकमेकांत गुंतल्यात. घोगरा आवाज आणि मंदावलेला पिकअप हा बिघाड आहे. भरदार आवाज आणि थोडी जास्त ताकद ही हौस आहे. हौस मलाही आहे, आणि ती जरूर करावी. पण बिघाड तसाच ठेवून वर नवा पाइप चढवला, तर पैसे गेले तरी गाडी मंदच राहते, आणि मूळ दुखणं कुठलं हे शोधणं आणखी अवघड होतं.

मी तुमची गाडी पाहिलेली नाही. कार्ब्युरेटर आहे की इंजेक्शन, तुम्ही बहुतेक गावात चालवता की लांबच्या रस्त्यावर, तुमच्याकडे आवाजाचे आणि धुराचे नियम किती कडक आहेत, यावर पुढचं बरंच काही बदलतं. जिथे बदलतं तिथे तसं सांगत जाईन.

पहिलं काम फुकटातलं आहे. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी बॉनेट उघडा, दुसऱ्या कुणाला तरी इंजिन चालू करायला सांगा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एका पाइपात गोळा करणाऱ्या भागाच्या, बाजूला कान देऊन उभे राहा. टिक-टिक-टिक असा कोरडा आवाज येतो का? ॲक्सिलरेटर दिला की तो वाढतो का? आणि इंजिन तापल्यावर पाच-दहा मिनिटांत तो विरून जातो का? तसं असेल तर बहुधा बिडाच्या मॅनिफोल्डला बारीक चीर गेलेली असते किंवा त्याला इंजिनला धरून ठेवणारा एखादा स्टड (बोल्ट) तुटलेला असतो. धातू तापून फुगला की फट मिटते आणि आवाज बंद पडतो. पुष्कळ जण हा टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा, आवाज समजून वर्षानुवर्षं सोडून देतात. गॅस्केटच्या कडेला काजळीचा काळा पट्टा दिसला तर शंकाच राहत नाही.

त्यानंतर मागच्या बाजूला या. इंजिन थंड असतानाच, मोकळ्या जागेत, हातमोजे घालून, जाड ओलं फडकं टेलपाइपच्या तोंडावर दोन-चार सेकंद दाबून धरा. सिस्टीम धड असेल तर इंजिन गुदमरायला लागतं आणि फडक्यावर जोर येतो. मधेच कुठे फुसफुस ऐकू आली तर भोक तिथे आहे. नेमकी जागा सापडत नसेल तर इंजिन बंद करून व्हॅक्यूम क्लीनरची हवा बाहेर फेकणारी बाजू टेलपाइपला लावा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे जागा दाखवतात.

गळतीचा शोध मी इतका आग्रहाने का सांगतोय, त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, रंग नसतो. गाडीत बसल्यावर डोकं जड होतं, मळमळतं, विनाकारण झोप येते, ही लक्षणं प्रवासाची म्हणून सोडून दिली जातात, आणि त्या वायूने माणूस दगावतो. फरशीचा पत्रा जुना असेल, त्याला गंजाची भोकं असतील आणि त्याच्याच खाली पाइप फुटलेला असेल, तर ती गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवू नका. दुसरं कारण इंजिनचं आहे. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर वायूच्या ठोक्यांमधल्या कमी दाबाच्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवत राहतो. गाडी पेट्रोल जास्त पिते, पिकअप बसतो, आणि मालक मोठा पाइप शोधत फिरतो.

गळती नसेल किंवा ती बुजवून झाली, तर बघायचं की कुठे तुंबलंय का. गाडी थंड असताना कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलकेच टकटक करा. आत खुळखुळा वाजल्यासारखं झालं तर सिरॅमिकचं मधाच्या पोळ्यासारखं जाळं फुटलंय, आणि त्याचे तुकडे पुढे मफलरमध्ये, म्हणजे आवाज दाबणाऱ्या डब्यात, जाऊन अडकू शकतात. आवाज आला नाही तरी ते वितळून किंवा काजळीने बंद झालेलं असू शकतं. त्यासाठी व्हॅक्यूम गेज (ओढ मोजणारं मीटर) इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या भागाला, लावा. धडधाकट इंजिन आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवतं. आता आरपीएम (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) २५०० वर स्थिर धरा. क्षणभर काटा खाली येऊन परत चढला आणि टिकला तर ठीक. तिथे धरून ठेवल्यावर काटा हळूहळू उतरतच राहिला, तर इंजिनला श्वास सोडता येत नाहीये. पक्की खात्री हवी असेल तर पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावतात. आयडलिंगला दीड पीएसआयच्या (हे दाबाचं माप) आत आणि २५०० आरपीएमला तीनच्या आत दाब असला तर तुमची सिस्टीम मोकळी आहे. त्याहून बराच जास्त आला, तर गेलेला पिकअप सापडला.

कन्व्हर्टर तुंबलेला निघाला तर तो का तुंबला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका. माझ्याकडे एक गाडी आली होती, तिला दीड वर्षात दोन कन्व्हर्टर बदलून झाले होते आणि तिसऱ्यांदा तीच तक्रार होती. मी आधी चारही स्पार्क प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले. तीन टोकं कोरडी, फिकट तपकिरी. चौथ्यावर राखेसारखे पांढरट खवले, नखाने उकलतील असे. त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह सील गेले होते, इंजिन ऑइल खात होतं, आणि त्या ऑइलचे अवशेष कन्व्हर्टरच्या जाळीवर बसून ती निकामी करत होते. सील बदलले, मग कन्व्हर्टर बसवला, तो अजून चालू आहे. तसंच मिसिंग मारणाऱ्या, म्हणजे एखाद्या सिलिंडरचा ठोका चुकणाऱ्या, इंजिनचं. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि जाळी अक्षरशः वितळते.

आणि कन्व्हर्टर काढून टाकण्याबद्दल माझं मत ठाम आहे: काढू नका. बहुतेक देशांत ते बेकायदा आहे. त्याच्या मागे दुसरा सेन्सर असेल तर चेक इंजिनचा दिवा लागेल. मागच्या गाडीतल्या माणसाला आणि तुमच्या घरच्यांना तो धूर नाकातून घ्यावा लागेल. एवढं करून मिळतं काय? कन्व्हर्टर निरोगी असेल तर तुमच्यासारख्या इंजिनला जवळजवळ काहीच मिळत नाही. आजारी असेल तर तुमच्याच मॉडेलसाठी मान्यता असलेला नवा बसवा. कमी छिद्रांचे, जास्त मोकळे कन्व्हर्टरही मिळतात, पण ते तुमच्याकडच्या धुराच्या चाचणीत पास होतात का ते विकत घेण्याआधी विचारून घ्या.

आता २.५ इंची पाइपाकडे येतो. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

काम शिकून तीन-चार वर्षं झाली होती. माझ्या १.५ लिटरच्या गाडीला मूळचा १.७५ इंची पाइप होता. तो उतरवून मी २.५ इंची चढवला. उभ्या गाडीचा आवाज भरदार, मोकळ्या रस्त्यावर वरच्या आरपीएमला गाडी थोडी हलकी वाटायची. पण घराकडच्या ज्या चढावर ती तिसऱ्या गिअरमध्ये सहज जायची, तिथे मला दुसरा टाकावा लागायला लागला. बरेच दिवस मला ते पटतच नव्हतं. मग मधला पाइप काढून २ इंची घातला, आणि त्याच चढावर तिसरा गिअर पुन्हा पुरायला लागला.

यामागचं कारण असं. १.७५ वरून २.५ इंचांवर गेलं की पाइपाचं क्षेत्रफळ दुप्पट होतं, कारण ते व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतं. वायू तेवढाच, वाट दुप्पट, म्हणजे वेग निम्मा. इंजिनला हा वेग हवा असतो. जळक्या वायूचा एक ठोका पाइपमधून जोरात निघून जातो तेव्हा त्याच्यामागे कमी दाबाची जागा तयार होते. नेमक्या त्याच सुमारास एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत असतो आणि इनटेक उघडत असतो. तो कमी दाब सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून नेतो आणि ताज्या मिश्रणाला आत यायला वाट करून देतो. पाइप गरजेपेक्षा रुंद झाला की खालच्या आरपीएमला ही ओढ मंदावते. रोजची गाडी आपण त्याच आरपीएममध्ये चालवतो.

इथे एक गैरसमज फार पसरलाय की इंजिनला बॅकप्रेशर लागतो. बॅकप्रेशर म्हणजे अडथळा, आणि तो कुठल्याच इंजिनला नको असतो. अरुंद पाइपाने खालची ताकद टिकते ती वेगामुळे, आणि त्या वेगाची किंमत म्हणून वरच्या आरपीएमला थोडा अडथळा आपण सोसतो. पाइप निवडणं म्हणजे या दोहोंमध्ये आपल्या वापराची जागा शोधणं. टर्बोच्या गाडीचं गणित वेगळं असतं, तिथे टर्बोतून धूर बाहेर पडल्यानंतरचा पाइप जितका मोकळा तितका बरा. म्हणून टर्बोवाल्या मित्राचा सल्ला स्वतःच्या गाडीला लावू नका.

ढोबळ अंदाज द्यायचा तर २ इंची पाइप साधारण १४० अश्वशक्तीपर्यंत पुरतो, २.२५ इंची साधारण १८० पर्यंत आणि २.५ इंची सव्वादोनशेच्या आसपास. तुमचं १.६ लिटरचं इंजिन शंभर-सव्वाशेच्या घरात असेल. म्हणजे २ इंच भरपूर झाला, आणि मूळचा पाइप त्याच मापाचा असेल तर मापाला हातच लावू नका. माप बदलायचंच असेल तर कन्व्हर्टरच्या मागे बदला. मागे जाता जाता वायू थंड होऊन आकसतो, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात रुंदीची तशीही गरज कमी असते.

मापापेक्षा बेंड कसे केलेत ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. साध्या मशीनवर दाबून वाकवलेला पाइप वळणावर चपटतो. बाहेरून २ इंची म्हणून विकत घेतलेल्या पाइपात वळणावर आत बोटं घालून बघा, कधीकधी दीड इंचाचीच वाट उरलेली असते, आणि कारच्या खाली अशी चार-पाच वळणं असतात. मँड्रेल बेंडमध्ये वाकवताना पाइपाच्या आत आधार असतो, त्यामुळे वळणावरही गोलाई टिकते. चपट्या बेंडच्या २.२५ इंचीपेक्षा मँड्रेल बेंडचा २ इंची केव्हाही घ्या.

धातूचं थोडक्यात सांगतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी तयार होतं. जवळच्या फेऱ्यांमध्ये पाइप पुरता तापत नाही, ते पाणी मफलरमध्येच साचतं, आणि सायलेन्सर आतून बाहेर गंजत येतो. तुमच्या फेऱ्या छोट्या असतील तर साधा लोखंडी पाइप घेऊ नका. ॲल्युमिनाइज्ड पत्रा हा मधला आणि बहुतेकांना पुरणारा पर्याय. ४०९ दर्जाचं स्टेनलेस वरून तांबूस होतं पण टिकतं. ३०४ त्याहून उजवं आणि महाग. विकणारा ३०४ म्हणत असेल तर खिशातला चुंबक सरळ पाइपाला लावून बघा. ४०९ ला तो घट्ट चिकटतो, ३०४ ला नाही. मफलरच्या तळाला बारीक भोक असतं ते पाणी निचरायला ठेवलेलं असतं. ते भोक गळती समजून वेल्डिंगने बुजवलेले मफलर मी अनेकदा पाहिलेत.

मफलर निवडताना मात्र घाई करू नका, कारण तुम्हाला रोज सोबत राहायचंय ते या आवाजाच्या. आतमध्ये कप्पे असलेले मफलर आवाजाच्या लाटा एकमेकांवर आपटवून त्या मारतात. ते जड असतात, थोडा अडथळा करतात, पण वर्षानुवर्षं सारखा आवाज देतात. सरळ आरपार जाणाऱ्या मफलरमध्ये भोकं पाडलेली नळी असते आणि तिच्याभोवती काचेची लोकर ठासलेली असते. तो मोकळा असतो, पण लोकर जळत आणि उडत जाते, आणि वर्षा-दोन वर्षांत आवाज वाढतो. नवा असताना जेमतेम सहन होणारा आवाज पुढे सहन होणार नाही, हे लक्षात ठेवून एक पायरी शांत मफलर घ्या.

दुकानासमोर उभ्या गाडीला ॲक्सिलरेटर देऊन आवाज आवडला म्हणून घेतलेला मफलर लोक महिनाभराने काढायला आणतात. कारण असतं ते घुमणं. एका ठरावीक वेगाला गाडीच्या आत गुंsss असा दाब कानावर बसतो, बोलणं ऐकू येत नाही, मागच्या सीटवरची मुलं कान धरतात. चार सिलिंडरच्या इंजिनमध्ये दर फेरीला दोन ठोके पडतात, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ठोके, शंभर हर्ट्झ. केबिनमधली हवा आणि पत्रा त्याच सुरावर थरथरायला लागले की ते घुमणं सुरू होतं. म्हणून तुम्ही सर्वांत जास्त वेळ ज्या वेगाने जाता, त्या वेगाला टॉप गिअरमध्ये आरपीएम किती असतो ते आजच बघून ठेवा. शक्य झालं तर तोच मफलर लावलेल्या तुमच्याच मॉडेलच्या गाडीत बसून, काचा वर करून, त्याच आरपीएमला दहा मिनिटं प्रवास करा. आणि मधला रेझोनेटर, तो छोटा डबा, वजन कमी करायचं म्हणून काढू नका. त्याचं कामच हे घुमणं मारायचं आहे. तरीही घुमलंच तर पाइपाला बंद तोंडाची एक आडवी फांदी जोडतात. शंभर हर्ट्झसाठी, गरम वायूत, तिची लांबी सव्वा मीटरच्या आसपास येते, त्यामुळे आधी गाडीखाली तेवढी जागा आहे का ते पाहावं लागतं.

इथवरचं पुन्हा एका दमात सांगतो: गळती शोधा, तुंबलंय का ते मोजा, त्यामागचं कारण दुरुस्त करा, कन्व्हर्टर राहू द्या, मग कन्व्हर्टरच्या मागचा भाग चांगल्या बेंडचा, मूळ मापाचा किंवा एकच पायरी मोठा, शांत मफलर आणि रेझोनेटरसकट घ्या. यातून ताकद किती वाढेल? अशा इंजिनला माझ्या अनुभवात चार-पाच अश्वशक्ती, आणि तीही वरच्या आरपीएमला. पण तुंबलेली सिस्टीम मोकळी झाली तर गमावलेली सगळी परत येते, आणि तो फरक पहिल्याच चढावर पायाला कळतो.

हेडर सध्या बाजूला ठेवा. त्यात फायदा खरा असतो. ४-२-१ रचनेचा (चार नळ्या आधी दोन, मग एक होतात असा) हेडर मधल्या आरपीएमला जोर देतो, ४-१ (चारही नळ्या थेट एकात) वरच्या टोकाला, आणि रोजच्या गाडीला पहिलाच बरा. पण वीस वर्षांच्या मॅनिफोल्डचे स्टड खोलणं हे नवशिक्याचं काम नाही. एक स्टड हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, तुटला की ड्रिल मारून काढावा लागतो, आणि ड्रिल तिरका गेला तर काम हेड उतरवण्यापर्यंत जातं. शिवाय कार्ब्युरेटर असेल तर जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) पुन्हा जुळवावे लागतात. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू संथ चालीत जमवून घेतो, पूर्ण ॲक्सिलरेटरला मात्र मिश्रण तपासून घ्यावं लागतं. तुमच्याकडे चिरलेला मॅनिफोल्ड निघाला, तर मात्र तसंही सगळं खोलावंच लागणार आहे. तेव्हा हेडरचा विचार करणं रास्त ठरेल.

मागचा भाग स्वतः बसवणार असाल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, दोन्ही बाजूंना घोड्या (जॅक स्टँड) लावा. आदल्या दिवशी प्रत्येक नटवर गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. जुने हँगर रबर नव्या पाइपाबरोबर बदलाच, कारण थकलेल्या रबरावर लोंबणारा पाइप वेल्डिंगच्या जागी तडकतो. इंजिन माउंटिंगही हलवून बघा. इंजिन डुलत असेल तर नवा फ्लेक्स पाइपही (मधला लवचिक जोड) टिकत नाही. सगळे भाग आधी सैल जोडा, मग पुढून मागे एकेक जोड कसत या. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या, हँडब्रेकची केबल आणि टाकी यांच्यापासून पाइप लांब आहे का ते प्रत्येक टप्प्यावर बघा. उष्णतारोधक पत्रे काढले असतील तर परत लावा. सेन्सरच्या आसपास साधं सिलिकॉन सीलंट वापरू नका, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो. गाडीवरच वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. दोन-तीनदा तापून थंड झाल्यावर सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा कसा.

गेज हाताशी नसेल तर कुठल्याही चांगल्या मेकॅनिककडे ते असतं आणि तपासणी अर्ध्या तासाची आहे. २५०० आरपीएमला काटा टिकतो की उतरतो, सकाळची टिकटिक आहे की नाही, आणि तुमच्या नेहमीच्या वेगाला आरपीएम किती, या तीन गोष्टी कळवा. त्यावरून मफलर कुठला घ्यायचा ते मला नेमकं सांगता येईल.